कर्णनाद आणि नित्याचे आवाज : शब्दाचा अतियोग व अयोग

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचा दवाखाना अगर औषधालय आहे, त्यांना कर्णनादाचा रुग्ण नवीन नाही. साखर पेठ, दत्तनगर, अशोक चौक, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहत या परिसरात यंत्रमागाचा आवाज हा हवेसारखाच गृहीत धरलेला असतो. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. चादरीचे आणि टॉवेलचे यंत्रमाग मात्र राहिले, आणि त्यांबरोबर मागावर उभी राहणारी माणसेही राहिली. ही माणसे 'कानात शिट्टी वाजते', 'कानात माग चालतो' अशी तक्रार घेऊन आपल्याकडे येतात. बहुतेक वेळा आपण कर्णपूरणासाठी तेल देतो, वातशामक कल्प देतो आणि 'आवाजापासून दूर राहा' असे सांगून मोकळे होतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा शेवटचा सल्लाच आहे. तो अर्धाच बरोबर असून त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाने काही रुग्णांचे अहित होते, असे माझे मत अनुभवान्ती झाले आहे.

काही वर्षांपूर्वी पंचेचाळिशी ओलांडलेले एक विणकर माझ्याकडे आले. वीस वर्षांहून अधिक काळ मागावर काम करून कानाच्या त्रासामुळेच त्यांनी ते सोडले होते व एका गोदामावर रखवालदारी पत्करली होती. त्यांचे पहिलेच वाक्य मला आजही आठवते : "डॉक्टर, माग सोडला, पण कानातला माग काय थांबंना झालाय बघा." विशेष म्हणजे नाद सतत सारखा नव्हता. कुकरची शिट्टी, भांड्यावर भांडे आदळणे, रिक्षाचा भोंगा, मिक्सर यांपैकी काहीही कानावर पडले की तो वाढे आणि तासन्‌तास तसाच राही. मी त्यांस शब्द वर्ज्य करण्यास सांगितले. त्यांनी ते इमानाने पाळले. कानात कापसाचे बोळे, खोलीचे दार बंद, लग्नकार्य बंद, दूरदर्शन बंद, नातवंडांना खोलीत मज्जाव. तीन महिन्यांनी ते आले तेव्हा स्थिती अधिक बिघडलेली होती. पूर्वी कुकरच्या शिट्टीने नाद वाढत असे, तो आता चमच्याच्या आवाजानेही वाढू लागला होता. झोप जवळजवळ नव्हती. "असं जगण्यापेक्षा..." असे म्हणून ते थांबले. त्या अपुऱ्या वाक्याने मला माझ्या सल्ल्याचा फेरविचार करावयास लावले.

प्रथम ग्रंथोक्त विचार पाहू. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या विसाव्या अध्यायात अठ्ठावीस कर्णगत रोग सांगितले आहेत. त्यांपैकी कर्णनादात विमार्गग वायू शब्दवह सिरांत राहून भेरी, मृदंग, शंख यांसारखे विविध ध्वनी ऐकवतो. कर्णक्ष्वेडात वायू पित्तादिकांनी युक्त असून ध्वनी वेळूच्या आवाजासारखा असतो. क्ष्वेडाच्या हेतूंमध्ये श्रम, क्षय आणि रूक्ष-कषाय भोजन यांचा निर्देश आहे. पाळ्यांमध्ये काम करणारा, रात्री जागणारा, कडक भाकरी व शेंगाच्या चटणीवर वेळ मारून नेणारा आणि वर चहा-विडी घेणारा आपला विणकर डोळ्यांसमोर आणला, तर हेतूंची ही यादी किती चपखल बसते ते वेगळे सांगावयास नको. (कडक भाकरीला माझा विरोध नाही. तिच्याबरोबरचे दूध-तूप नाहीसे झाले, याबद्दल तक्रार आहे.) याच सिरांत वायू कफानुबंधी होऊन राहिला आणि प्रतिकार केला नाही, तर बाधिर्य येते, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात वाताचे ऐंशी नानात्मज विकार गणले आहेत. त्यांत कर्णशूलासोबत अशब्दश्रवण, उच्चैःश्रुती आणि बाधिर्य ही तीन नावे येतात. बाहेर शब्द नसता तो ऐकू येणे म्हणजे अशब्दश्रवण, हे उघडच आहे. उच्चैःश्रुतीचा अर्थ मोठा शब्दच तेवढा ऐकू येणे, असा सामान्यतः केला जातो. आधुनिक शास्त्रातील ध्वनिअसहिष्णुता या शब्दात ओढूनताणून बसविण्याची मला गरज वाटत नाही. तथापि आवाजाने विकल झालेल्या कानाची एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. त्यास हळू बोललेले ऐकू येत नाही, म्हणून घरचे मोठ्याने बोलतात. आणि आवाज जरा चढला की तोच मनुष्य 'ओरडता कशाला' म्हणून कानावर हात ठेवतो. ऐकू येण्याची पातळी वर सरकलेली, परंतु असह्य होण्याची पातळी तेथेच किंवा खाली आलेली. मधली पट्टी अरुंद झालेली. घरात यावरून भांडणे होतात आणि रुग्णावर 'सोयीस्कर बहिरा' असा शिक्का बसतो.

याहून महत्त्वाचा आधार सूत्रस्थानाच्या अकराव्या, तिस्रैषणीय अध्यायात आहे. असात्म्येन्द्रियार्थसंयोग सांगताना तेथे श्रोत्रेंद्रियाच्या बाबतीत तीन भेद केले आहेत. मेघगर्जना, नगारा, आरोळ्या यांसारखे शब्द अतिमात्र ऐकणे हा अतियोग. अप्रिय, भयकारक, अनिष्टसूचक शब्द ऐकणे हा मिथ्यायोग. आणि शब्द मुळीच न ऐकणे हा अयोग. हे तिन्ही रोगाचे हेतू आहेत. मी माझ्या रुग्णाचा अतियोग थांबविला आणि त्याला अयोगात ढकलले. एका हेतूचे परिवर्जन करताना दुसरा हेतू मीच लिहून दिला होता.

आता आधुनिक शास्त्र याविषयी काय सांगते ते पाहू. अंतःकर्णातील शंखाकृती भागात प्रत्येक कानात सुमारे पंधरा-सोळा हजार केशपेशी असतात. दीर्घकाळच्या मोठ्या आवाजाने त्या नष्ट होतात आणि मनुष्यात त्या पुन्हा उगवत नाहीत. हानीचा आरंभ बहुधा ४००० हर्ट्‌झच्या आसपासच्या उंच स्वरांत होतो. साध्या बोलण्याचा मोठा भाग याहून खालच्या पट्टीत असल्यामुळे रुग्णास प्रारंभी काही कळतच नाही. बायकामुलांचे बोलणे नीट उमगेनासे होते तेव्हा बरीच वर्षे उलटलेली असतात. श्रवणालेखात मात्र ४००० हर्ट्‌झजवळचा खड्डा आधीच दिसतो.

कानाकडून येणारा संदेश क्षीण झाला की मेंदूतील श्रवणकेंद्रे आपली संवेदनशीलता वाढवून ती उणीव भरून काढू पाहतात, असे आज मानले जाते. रेडिओचे केंद्र नीट लागत नसता आवाजाची कळ पुढे सरकवली की खरखरही वाढते, तसाच हा प्रकार. ही खरखर म्हणजे नाद. कळ पुढे सरकलेली असल्याने बाहेरचा साधा आवाजही मोठा वाटतो, हे त्याच प्रक्रियेचे दुसरे अंग होय. म्हणूनच कर्णनाद आणि साध्या आवाजाची असहिष्णुता ही दोन पुष्कळदा हातात हात घालून येतात.

येथे दोन जुने प्रयोग वैद्यवर्गाने अवश्य ध्यानी ठेवावेत. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी श्रवण उत्तम असलेल्या ८० प्रौढांना काही मिनिटे ध्वनिरोधक खोलीत बसविले आणि जे ऐकू येईल ते टिपण्यास सांगितले. त्यांपैकी ९४ टक्के व्यक्तींनी आपणांस काही ना काही ध्वनी ऐकू आल्याचे सांगितले. निरोगी कानाससुद्धा पूर्ण शांतता नाद ऐकविते. २००३ मध्ये फॉर्मबी व सहकाऱ्यांनी दुसरा प्रयोग केला. काही व्यक्तींना दोन आठवडे जवळजवळ दिवसभर कानात बोळे घालून ठेवले, तर काहींना तितकाच काळ मंद आवाजाच्या सान्निध्यात ठेवले. बोळे घातलेल्यांना नंतर आवाज पूर्वीपेक्षा मोठे वाटू लागले. मंद ध्वनीत राहिलेल्यांची सहनशक्ती वाढली. माझ्या विणकर रुग्णाने तीन महिने हा पहिला प्रयोगच स्वतःवर केला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

तेव्हा प्रश्न असा की कोणता आवाज टाळावा आणि कोणता टाळू नये? येथे मोजमाप उपयोगी पडते. धोट्याच्या साध्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या आसपास असतो. अमेरिकेतील व्यवसायजन्य आरोग्यसंस्थेने सुरक्षित मानलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलच्या वाढीस ही मुदत निम्मी होते : ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला अवघी पंधरा मिनिटे. मागावर आठ किंवा बारा तास उभे राहणाऱ्याचा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा. मिरवणुकीतील भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांसमोर तर हा हिशेब मिनिटांत येतो. उलट घरातील संभाषण ६० डेसिबलच्या आसपास असते. पंखा, नळाचे पाणी त्याहूनही खाली. हे आवाज कानास इजा करीत नाहीत. रुग्णास त्यांचा त्रास होतो, हे खरे. परंतु त्रास होणे आणि इजा होणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. हा भेद रुग्णाला समजावून सांगणे, हा चिकित्सेचा पहिला आणि माझ्या मते निम्मा भाग आहे. 'भांडे वाजले म्हणजे माझा कान आणखी खराब झाला' ही भीती मनात असेपर्यंत प्रत्येक भांडे भयकारक शब्द होते, म्हणजेच अयोगाच्या जोडीला मिथ्यायोगही येऊन बसतो.

पुढे त्या रुग्णाचे मी काय केले ते सांगतो. घरातील कापूस पूर्ण बंद केला. कापूस मागाच्या आवाजात फारच थोडे संरक्षण देतो आणि घरात रुग्णाचे लक्ष सतत कानाकडे बांधून ठेवतो. म्हणजे दोन्ही ठिकाणी निरुपयोगी. रात्री खोलीत टेबलपंखा किंवा दोन केंद्रांमधली मंद खरखर येईल असा रेडिओ ठेवण्यास सांगितले; आवाज नादाहून किंचित खाली, नाद बुडून जाईल इतका नव्हे. नाद पूर्ण झाकला तर मेंदूला त्याची सवय होण्याची संधी मिळत नाही. नादास महत्त्व न देण्याची सवय लावणे, हे तत्त्व यास्त्रेबॉफ यांनी १९९० नंतर पद्धतशीर मांडले आहे.

त्यानंतर आवाजांचा क्रम लावला, पेयादि संसर्जनक्रम लावतो तसा. जो आवाज आपण स्वतः करतो तो अचानक येणाऱ्या आवाजापेक्षा अधिक सहन होतो, हे तत्त्व धरून त्यांना रोज दहा मिनिटे स्वतः भांडी घासण्यास सांगितले. त्यांच्या पत्नी हे ऐकून प्रथमच हसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, हे औषध लई आधी द्यायला पायजे होतं." पंधरा दिवसांनी कुकर लावणे त्यांच्याकडे आले. मग नातवंडांना खोलीत प्रवेश, मग सकाळची मंडई. ज्या दिवशी त्रास वाढे त्या दिवशी एक पायरी खाली यावयाचे, परंतु शून्यावर जावयाचे नाही.

औषधी चिकित्सेत वातशमन आणि निद्रा ही दोन लक्ष्ये ठेवली. सुश्रुताचार्यांनी एकविसाव्या अध्यायात सर्व कर्णरोगांत सामान्य म्हणून जे सांगितले आहे, ते या रुग्णास तंतोतंत लागू पडते : घृतपान, रसायन, अतिव्यायाम टाळणे, डोक्यावरून स्नान न करणे, ब्रह्मचर्य आणि फार न बोलणे. अग्नी पाहून घृतपान, रात्री पादाभ्यंग व शिरोभ्यंग, मृदू नस्य, आणि पोटात सारिवादी वटी यांची योजना केली. जागरण, तंबाखू आणि उपाशीपोटी चहा बंद केला. नऊ महिन्यांनंतर नाद होता, आजही आहे. परंतु झोप सलग सहा तास येऊ लागली आणि 'नाद कसा आहे' असे मी विचारीपर्यंत त्यांना त्याची आठवण होत नसे.

हे मी मुद्दाम लिहितो आहे. जुनाट नाद समूळ नाहीसा करणारे सिद्ध औषध आज कोणत्याच पद्धतीत नाही. बालकांतील, वृद्धांतील आणि दीर्घकालीन बाधिर्य वर्ज्य मानण्याइतका प्रामाणिकपणा आपल्या ग्रंथकारांनी दाखविला आहे. अमेरिकेतील कर्णरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत त्रासदायक कर्णनादासाठी गिंको, जस्त यांसारखी पूरके सुचवू नयेत असे म्हटले आहे, आणि श्रवणयंत्र, समुपदेशन व वर्तनचिकित्सा यांना स्थान दिले आहे. २०२० च्या कॉक्रेन समीक्षेतही वर्तनचिकित्सेने नादाचा जीवनावरील भार कमी होतो असा निष्कर्ष आहे. ज्यास ऐकू कमी येते त्यास श्रवणयंत्र लावले असता बाहेरचा शब्द पुन्हा आत पोहोचतो आणि नाद पुष्कळदा मागे सरतो. अयोगाची ही सरळ चिकित्सा आहे. श्रवणयंत्र सुचविण्यात वैद्याचा कमीपणा नाही.

कर्णपूरणाविषयी मात्र चार शब्द कठोरपणे लिहावे लागतील, कारण यात माझी स्वतःची चूक आहे. व्यवसायाच्या प्रारंभीच्या काळात एका रुग्णाचा कान न तपासता मी कोमट तेल घातले. क्षणात तो म्हणाला, "तेलाची चव घशात येतीय." पडद्यास छिद्र होते. त्यास पुढे कर्णस्राव सुरू झाला आणि दोन महिने ते प्रकरण निस्तरावे लागले. तेव्हापासून कर्णदर्शक यंत्राने पडदा पाहिल्याशिवाय मी एक थेंबही घालत नाही. पुष्कळदा तेथे घट्ट मळ दिसतो, आणि तो काढताच 'असाध्य' नाद त्याच दिवशी निम्म्यावर येतो. पडदा अखंड असेल तर तेल शरीराच्या उष्णतेइतकेच कोमट असावे. फार गरम वा गार तेलाने भोवळ येते. वेदना नसता शंभर मात्रा धारण करावे, ही वाग्भटोक्त मर्यादा पुरेशी आहे.

यामुळे औषधालयाच्या मालकांना विनंती अशी की, 'कानात घालायचं तेल द्या' म्हणून येणाऱ्याला बाटली देण्यापूर्वी कान वाहतो का, पूर्वी वाहिला होता का, नाद एकाच कानात आहे का आणि ऐकू येणे अचानक कमी झाले का, एवढे विचारावे. यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आले तर तेल न देता तपासणीस पाठवावे. एका दिवसात वा दोन-तीन दिवसांत अचानक आलेले बहिरेपण ही तातडीची अवस्था आहे. तिची आधुनिक चिकित्सा जितक्या लवकर सुरू होईल तितकी फलदायी ठरते, आणि आठवडाभर तेल घालण्यात गेलेला काळ परत मिळत नाही. नाडीच्या ठोक्याबरोबर वाजणारा नाद, भोवळ, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे हीही रुग्ण थांबवून न ठेवण्याची लक्षणे होत. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न सर्वोपचार रुग्णालय आहे; तेथील कान-नाक-घसा विभागाकडे चिठ्ठी देण्यास संकोच नसावा.

तसेच चालू असलेली इतर औषधे विचारावीत. ॲस्पिरिनची मोठी मात्रा, क्विनीन, फ्युरोसेमाइड, जेंटामायसिन व सिस्प्लॅटिनची इंजेक्शने यांनी नाद उद्भवतो अगर वाढतो. क्षयरोगासाठी पूर्वी स्ट्रेप्टोमायसिन घेतलेले वयस्क रुग्ण आपल्याकडे अजूनही येतात. ही औषधे आपण परस्पर थांबवू नयेत. मूळ चिकित्सकास कळवावे.

आणि ते अपुरे वाक्य. झोप गेलेला, घरात एकटा पडलेला कर्णनादाचा रुग्ण 'जगणे नको' असे म्हणाला तर ते बोलणे म्हणून सोडून देऊ नये. सरळ विचारावे, घरातील एका व्यक्तीस विश्वासात घ्यावे, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. २०२२ पासून शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. हा क्रमांक मी औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून देतो.

राहिला प्रश्न जे अजून मागावर उभे आहेत त्यांचा. नाद सुरू झाला म्हणून माग सोडणे प्रत्येकास परवडत नाही. अशांसाठी फोमचे कर्णरोधक हे अल्प किमतीचे साधन आहे, आणि ते पूर्व भागातील प्रत्येक औषधालयात कापसाच्या शेजारी असावयास हवे. ते केवळ शेडमध्ये, माग चालू असताना वापरावे. बाहेर पडताच काढून खिशात ठेवावे. घालण्याची रीत बहुतेकांना माहीत नसते, ती विकतानाच दाखवावी. हात स्वच्छ करून बोळा दोन बोटांत सुरकुती न पडेल असा बारीक वळावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर व मागे ओढावी, बोळा आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. नीट बसला तर स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा ऐकू येतो. कान वाहत असेल तर बोळा घालू नये. त्याऐवजी कानावर बसणारी टोपणे वापरावीत. मळलेला वा कडक झालेला बोळा टाकून द्यावा. तेल घातलेल्या कानात तो टिकत नाही, म्हणून कर्णपूरण पाळी संपल्यावर, रात्री करावे. मागावर काम करणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा श्रवणालेख काढून तो जपून ठेवावा. पुढील वर्षीच्या आलेखाशी तुलना करताना ४००० हर्ट्‌झवरचा खड्डा खोल झाला की नाही, एवढे पाहण्यास आपल्यापैकी कोणासही पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.